वाटीत मावेल एवढं फूल

दिल्लीत फूल आपल्या मर्जीने उमलत नाही, तारखेला उमलतं. निदान आमच्या खात्यात तरी तशी समजूत होती, आणि नोकरीची सगळी वर्षं मी ती समजूत खरी करून दाखवण्यात घालवली. प्रजासत्ताक दिनाच्या आधी पेटुनिया भरात पाहिजे, परदेशी पाहुणे येणार त्या आठवड्यात डेलिया उघडलेला पाहिजे, आणि कुणी बडा माणूस बाग बघायला येतोय असं कळलं की झेंडूनेसुद्धा कंबर कसली पाहिजे. वरून फोन यायचा, "मॅडम, पंद्रह तारीख तक हो जाएगा?" मी म्हणायची, "बिल्कुल हो जाएगा." मग फोन ठेवून आभाळाकडे बघायची, कारण खरी मंजुरी तिकडून यायची असे.

मी मूळची अमरावतीकडची. नागपूरला शेतकी कॉलेजात शिकले, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या उद्यान विभागात लागले, दिल्लीला आले आणि इथलीच होऊन बसले. चौक, रस्त्यांचे दुभाजक, सरकारी बंगल्यांच्या हिरवळी, असं काय काय माझ्या वाट्याला येत गेलं. लोकांना वाटतं, बागकामाची नोकरी म्हणजे दिवसभर फुलांत वावरायचं. दिवस जायचा टँकरवाल्याशी भांडण्यात, शेणखताच्या नावाखाली माती घेऊन आलेल्या ट्रकपुढे आडवं उभं राहण्यात, आणि चौकातल्या कुंड्या उचलून नेणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडण्यात. फुलं मला दिसायची ती संध्याकाळी घरी जाताना, गाडीच्या काचेतून, सगळ्या दिल्लीला दिसतात तशीच.

माझा नवरा हिशेबखात्यातला. लिहिताना 'नवरा' लिहिलं खरं, पण तोंडात 'हे' इतकं बसलंय की पुढे तसंच येईल. तर हे एका मंत्रालयात बसून दुसऱ्यांच्या फायलींवर आक्षेप काढायचे. ते त्यांचं काम होतं आणि स्वभावही. फुलांच्या बाबतीत त्यांच्याजवळ दोनच नावं होती, झेंडू आणि गुलाब. जे झेंडू नाही आणि गुलाबही नाही, ते सगळं 'तुझं ते'. संध्याकाळी चपला काढता काढता म्हणायचे, "आज चौकात तुझं ते पाहिलं, जांभळं." एवढ्यावरून मी समजायची की काम बरं झालंय.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे ट्यूलिप आले. हॉलंडहून खोकी भरून कंद येतात, तिकडेच गार खोल्यांत ठेवून थंडी मुरवलेले. डिसेंबरात लावायचे, फेब्रुवारीत फुलतात. थोडे दिवस चौकांना असा काही डौल येतो की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि मागचे हॉर्न वाजवतात. मग एखादी दुपार तापते आणि सगळे ट्यूलिप माना टाकतात. दिल्लीचा उन्हाळा सोसून ते पुन्हा फुलायचे नाहीत, म्हणून कंद उपटून टाकायचे. मला ते जिवावर यायचं. पहिल्या वर्षी मी पिशवीभर कंद घरी आणून फ्रिजमध्ये ठेवले, आणि रविवारी यांनी पोहे करायला घेतले तेव्हा त्यातला एक कांदा समजून चिरला. फोडणीत पडायच्या आत मी पोचले म्हणून बरं. त्या दिवसापासून ट्यूलिप हे तिसरं नाव यांना पाठ झालं.

मी निवृत्त झाले, हे माझ्याआधीच झाले होते. आम्ही गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये राहतो, बाल्कनीत मोजक्या कुंड्या आहेत, रविवारी विहारात जातो, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना यांच्याशिवाय पान हलत नाही. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकाला. तिळगूळ बसमध्येच वाटून होतो. तिथे पोचल्यावर स्मारकापाशी उभं राहून पाटीवरचा मजकूर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा मान यांचा. आवाज खणखणीत, आणि दिल्लीत वाढलेल्या पोरांना लढाई मराठीत समजावून सांगायची भारी हौस.

त्या संक्रांतीला धुकं होतं. हे नेहमीसारखे पुढे झाले, घसा साफ केला आणि वाचायला लागले. कुठे अडखळणं नाही, काही नाही. मी बाजूला उभी होते. बघता बघता माझ्या लक्षात आलं की पाटी यांच्या उजव्या हाताला आहे आणि हे समोरच्या कुंपणाकडे तोंड करून वाचताहेत. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझं आयुष्य पाहणी करण्यात गेलंय, माझ्या आलं.

परतताना बसमध्ये विचारलं, "मजकूर तुम्हाला पाठ आहे ना?"

"आता इतक्या वर्षांनी असणारच."

"ते झालं. पाटी दिसली का?"

यांनी खिशातून तिळगुळाची पुडी काढली, माझ्या हातावर एक वडी ठेवली आणि म्हणाले, "धुकं किती होतं यार." तेवढ्यावर विषय संपवला.

मी संपवला नाही. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पुढे गेलेला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि माणूस मान वळवून वळवून भागवत राहतो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून जितकं राखता येईल तितकं राखायचं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "दवा चलती रहेगी. लेकिन जो देखने का मन है, उसे टालिए मत."

परत मेट्रोने निघालो. यमुना मागे पडल्यावर मी विचारलं, "नेमकं किती दिसतं?"

यांनी दोन्ही हातांनी हवेत एक गोल काढला. "ताटाएवढं. मधलं सगळं स्वच्छ दिसतं. फक्त कडा नाहीत."

ताट म्हटल्यावर माझा जीव जरा खाली पडला. ताट म्हणजे बरंच झालं, अख्खं जेवण मावतं त्यात. घरी आल्यावर मी भूक नसताना जेवले, आणि जेवताना म्हटलं, "चलो, सांगा आता, काय बघायचंय?"

मला वाटलं, अजिंठा म्हणतील, नाहीतर गावाकडची नदी. यांनी भात कालवून घेतला. मग म्हणाले, "तुझे ट्यूलिप. पण तिकडचे. ज्यांना कुणी तारीख देत नाही ते."

"फुलांतलं काय कळतं तुम्हाला?"

"म्हणूनच तर."

मी उठून ताक आणायला आत गेले, कारण मला भरून आलं होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. तिकडची बाग बघायची हौस माझी होती, आयुष्यभराची. तिकडच्या बागांचे फोटो मी यांना कितीदा दाखवले असतील आणि यांनी चष्म्यावरून 'हं' म्हटलं असेल. तो 'हं' कुठेतरी जमा होत होता, हे मला माहीत नव्हतं.

आमची मुलगी हॉलंडमध्ये नोकरी करते, एकटी राहते, आणि गेली काही वर्षं 'या ना' म्हणून मागे लागली होती. बातमी ऐकून ती खूश झाली, बाबांच्या डोळ्यांचं ऐकून रडली, आणि मग आईवर गेलेली असल्यामुळे लगेच नियोजनाला लागली. म्हणाली, "आई, यंदा इथे थंडी लांबलीय. एप्रिल एंडला या."

मी म्हटलं, "मध्यावर येतो. मी हिशेब केलाय."

हिशेब खरंच केला होता. रोज सकाळी फोनवर तिच्या गावाचं तापमान बघायची, बाकीचे दिवस मोजायची, कोणत्या जातीला किती ऊब लागते ते मला तोंडपाठ. दिल्लीत मी असंच करत आले. फुलं मागे पडताहेत असं वाटलं तर पाणी, खत, झाकण, काय वाटेल ते करून तारखेला उभी करायची. तिकडे ते सगळं करायला कोण आहे, हा विचार मला शिवलाही नाही.

"आई, इथे कुणी असं डेट फिक्स करत नाही. वेट अँड सी म्हणतात."

"वेट अँड सीवर सरकार चालत नाही."

मागून हे म्हणाले, "बघ बेटा, तुझी आई आता हॉलंडलाही नोटीस पाठवणार."

पण खरं कारण हिशेबाचं नव्हतं. मला भीती वाटत होती. एकेक आठवडा थांबावं आणि त्या ताटाची कड आणखी आत सरकावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून मी तारीख दिली, तिकिटं काढली, सांडग्या मिरच्या आणि तिखटाचा डबा बांधला, यांना जवळजवळ दटावूनच माकडटोपी घ्यायला लावली, आणि आम्ही निघालो.

तिथल्या जगप्रसिद्ध ट्यूलिपच्या बागेत मुलीने मुद्दाम नेलं नाही. तिथे गर्दी असते, बाबांना कडेने आलेली माणसं दिसणार नाहीत, धक्के लागतील. तिच्या गावाजवळ एक जुनी, शांत बाग होती, तिथे जायचं ठरलं. गाडीत मी मुलीच्या फोनवरचे गेल्या वर्षीचे फोटो बघून यांना समजावत होते. आत शिरलं की डाव्या हाताला लाल ट्यूलिपचा भला मोठा वाफा, त्याच्या मागे पांढऱ्यांचा, आणि पलीकडे तळं. आधी सांगून ठेवलं की नजर कुठे न्यायची ते यांना कळेल, असा माझा विचार. हे मान डोलावत होते.

बाहेर असा वारा होता की डोळ्यांतून पाणी यावं. तिकीट दाखवून आम्ही आत शिरलो, यांचा हात माझ्या हातात. डाव्या हाताला वाफा होता. फोटोतल्यासारखाच, ओळी अगदी दोरीत, एक झाड पुढेमागे नाही. आणि सगळ्या कळ्या हिरव्या, घट्ट मिटलेल्या. लालाचा ठिपकासुद्धा नाही. मागचा वाफाही तसाच. पार कडेला थोडे डॅफोडिल वाऱ्यात हलत होते तेवढेच. साहेबाची गाडी वळणावर आली आणि चौकात एक फूल नाही, असं स्वप्न मला नोकरीत असताना पडायचं. ते इथे जागेपणी समोर उभं होतं.

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "वा. काय लाल आहे यार. कमाल आहे."

मुलीने माझ्याकडे बघितलं.

हे सावकाश डावीकडून उजवीकडे मान फिरवत होते, मोठ्या देखाव्यापुढे माणूस फिरवतो तशी. "आणि मागे तो पांढरा," म्हणत त्यांनी हात केला. तिकडे तळ्याचं गढूळ पाणी होतं. "अच्छा, म्हणजे तू सांगायचीस ते हे. भारीच."

"बाबा, पण..." मुलगी म्हणाली, आणि मी तिचा हात दाबला.

तोच खणखणीत आवाज होता, पानिपतच्या कुंपणाला लढाई वाचून दाखवणारा. मी गाडीत जे जे सांगितलं होतं ते ते त्याच क्रमाने परत येत होतं. तेव्हा मला कळलं की ताट वगैरे काही नाही, यांना फार फार कमी दिसतंय. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट कळली, ती पहिलीपेक्षा वाईट होती. यांना वाटत होतं की बाग फुललेलीच आहे. समोर सगळं लाल आहे, बायको आणि मुलगी बघताहेत, फक्त आपल्यालाच ते सापडत नाहीये. एवढ्या लांब येऊन डोळे संपले, असं मनाशी धरून हा माणूस माझा विरस होऊ नये म्हणून वा वा करत उभा होता.

गप्प बसणं सोपं होतं. दिवस निभावून गेला असता, फोटो निघाले असते, घरी जाऊन यांनी मंडळात बागेचं वर्णनही केलं असतं. पण मनात ती गाठ राहिली असती, की फुलं होती आणि मला दिसली नाहीत. ते मी होऊ देणार नव्हते. यांचं नाटक उघडं पडलं तरी पडू दे.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "काही फुललेलं नाहीये."

"अगं असं काय करतेस, एवढं सगळं..."

"एकही ट्यूलिप उघडलेला नाही. सगळ्या कळ्या आहेत, हिरव्या. हातमोजा काढा."

मी यांचा हात धरून खाली वाफ्यावर नेला. यांची बोटं एका कळीवर थांबली, मग दुसरीवर गेली, मग तिसरीवर. मिटलेल्या, गार, टणक. हे वाकलेलेच राहिले बराच वेळ.

"म्हणजे फुलं नाहीतच?"

"नाहीत."

"म्हणजे मला दिसत नाहीयेत असं नाही."

"दिसण्यासारखं काही नाहीचे."

हे जवळच्या बाकावर बसले आणि हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग इतके की माकडटोपी कपाळावरून मागे सरकली. "मी मघापासून शोधतोय," म्हणाले, "इकडे बघतोय, तिकडे बघतोय. म्हटलं, गेले. राहिलेलेही गेले विमानात." मग टोपी सारखी करून माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे वळले. "एवढी मोठी साहेब तू. फुलं तारखेला उमलवणारी. आणि इथे येऊन तुझं पार पानिपत झालं."

मुलगी हसत होती आणि डोळेही पुसत होती. मीही हसले. मग बाकावर यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, "आता खरं सांगा. ताट आहे का?"

हे हातमोजा घालत होते. एक बोट चुकत होतं, ते त्यांनी नीट बसवलं. "वाटी," म्हणाले. "आमटीची."

"केव्हापासून?"

"तेव्हाही वाटीच होती. ताट म्हटलं म्हणून तू त्या दिवशी जेवलीस."

मला राग यायला हवा होता. माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे, आणि मुलगी तयारीनेच माझ्या तोंडाकडे बघत होती. पण मला फक्त या माणसाचं फार प्रेम वाटलं, इतकं की त्याचा हात सोडावासा वाटेना. आम्ही तिघं त्या गार बाकावर सांडग्या मिरच्यांबरोबर दहीभात खात बसलो. जाताना दारावरच्या बाईंनी मुलीला सांगितलं की पुढच्या आठवड्यात कदाचित फुलेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. आमचं परतीचं तिकीट त्याच्या आधीचं होतं. त्या बाईंना काही घाई नव्हती, कळ्यांनाही नव्हती, आणि उशीर झाला म्हणून कुणाला मेमो जाणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला म्हटलं, "बाजारात चल." तिथे काचघरात वाढवलेल्या ट्यूलिपच्या जुड्या मिळतात, भाजीसारख्या. ती नेमकी उघडलेल्या फुलांची जुडी उचलायला लागली. मी तिला ती ठेवायला लावली आणि घट्ट मिटलेल्या, रंग नुकता धरलेल्या कळ्या निवडल्या. तिने विचारलं, "ह्या का? ह्यांची तर डंडीपण छोटी आहे." मी म्हटलं, "देठ म्हणतात त्याला. आणि चल लवकर."

आमच्या खात्यातली एक युक्ती होती. पाहणीच्या दिवशी कळ्या हट्टाला पेटल्या की कुंड्या उचलून चौकीदाराच्या खोलीत न्यायच्या, हीटर लावायचा आणि दार ओढून घ्यायचं. ट्यूलिपला ऊब मिळाली की तो उघडतो, गारठ्यात पुन्हा मिटतो, दिवसातून कितीदाही. साहेब यायच्या आत कुंड्या परत जागेवर. त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं आणि लाज वाटण्यासारखंही. फक्त उघडताना बघत बसायला आम्हाला सवड नसायची. दार ओढलं की दुसऱ्या चौकाकडे पळायचं.

मुलीच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली हीटर होता. मी टेबल त्याच्याजवळ ओढलं, देठ कापले, फुलदाणीत कोमट पाणी घातलं. जुडीतली एकच कळी आत ठेवली आणि यांना समोर बसवलं. हनुवटी टेबलावर, हात दोन्ही बाजूंना. मग मी फुलदाणी हलवत गेले आणि हे सांगत गेले, "डावीकडे. अजून. आता वर. हां, बस्स. सापडली."

वाटीत कळी आली होती.

मी पलीकडच्या खुर्चीवर बसले. मुलगी ओट्याला टेकून उभी होती. तिने कामाच्या ठिकाणी फोन करून सुट्टी घेतली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मला सवयीने उठून आणखी काहीतरी करावंसं वाटत होतं, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हलली," हे म्हणाले.

मला काहीच दिसलं नव्हतं.

"बाहेरची पाकळी. तुझ्या बाजूची नाही, माझ्या बाजूची. थोडी सुटली." मग बऱ्याच वेळाने, "आता दुसरी." नंतर हे बोलतच राहिले, हळू आवाजात, फायलीतला आकडा वाचावा तसे. "आत काळं आहे. चांदणीसारखं. नाही, थांब, काळ्याला पिवळी कड आहे. बारीक. आणि मधे सहा काड्या, त्यांच्या टोकाला पूड, काळीच. पाकळी आतून नुसती लाल नाहीये, रेशमासारखी लकाकतेय." हे थांबले. "हे तू कधी सांगितलं नव्हतंस."

"मी कधी बघितलं नव्हतं," मी म्हटलं.

ते खरं होतं. चांदणी असते हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण हजारो ट्यूलिप लावले ते वरून बघितले, लांबून बघितले, कुठे जागा रिकामी राहिलीय आणि कुठलं पान पिवळं पडलंय तेवढं शोधत. एका फुलासमोर बसून ते आतून कसं आहे हे विचारायची वेळ आली नाही. मी उठून यांच्या मागे गेले, यांच्या डोक्याशेजारी डोकं टेकवलं, आणि एक डोळा मिटून बघितलं. चांदणी होती. पिवळी कड होती.

"दिसतंय का?" यांनी विचारलं.

"दिसतंय."

"मग आता पुढची लाव."

अशी आम्ही ती सगळी जुडी बघितली, एकामागून एक. प्रत्येक कळी आपल्या चालीने उघडली. एक तर अर्धीच उघडून थांबली आणि यांनी तिच्यावर आक्षेप नोंदवला. पोहे गार झाले. मुलीने ते दोनदा गरम केले आणि शेवटी आम्ही गारच खाल्ले. उरलेल्या दिवसांत मुलीने गाडीतून पवनचक्क्या दाखवल्या, कालवे दाखवले. हे चांगलं चांगलं म्हणाले आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "नवी जुडी आणलीस का?"

गाझियाबादला परत आलो तेव्हा ऊन चटके देत होतं. डॉक्टरीणबाईंपुढे यांनी पहिल्यांदा ताट सोडून वाटी सांगितली. त्यांनी औषध बदललं. आणि घरात एक रीत पडली. सकाळचा चहा मांडताना मी बाल्कनीतलं एक फूल खुडून यांच्यासमोर पेल्यात ठेवते, जागेवर सापडेपर्यंत हलवते, आणि हे त्याच्या आत काय आहे ते मला सांगतात. त्याआधी विचारते, "आज?" हे म्हणतात, "वाटी." उन्हाळाभर वाटी होती. पाऊस आला, कुंड्या भरल्या, तरी वाटीच होती, आणि आम्हाला दोघांनाही वाटायला लागलं की तिथेच थांबलं.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. जास्वंदीला चांगलं तळहाताएवढं फूल आलं होतं. ते घेऊन मी आत आले, पेला मांडला आणि विचारलं, "आज?"

यांनी चहाचा कप खाली ठेवला. खोटं बोलता आलं असतं, पण आता आमच्यात ते बंद झालंय.

"आज पळी."

जास्वंद घेऊन पुन्हा बाल्कनीत गेले. तिथे थोडा वेळ उभी राहिले, खालच्या रस्त्यावर शाळेच्या बस निघाल्या होत्या. मग मोगऱ्याच्या कुंडीशी वाकले, शेवटचा बहर होता, त्यातलं एक फूल घेतलं आणि आत येऊन यांच्यासमोर ठेवलं. थोडं डावीकडे. थोडं वर.

"मावलं?"

"मावलं," हे म्हणाले. "सगळं."